अर्थतज्ज्ञ तिथे कशाला?

महोदय,

हवामान बदलाच्या जागतिक अहवालात अर्थतज्ज्ञांचे काय काम, असा सवाल करणारे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. आयपीसीसीच्या, म्हणजे हे अहवाल काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक मंडळाच्या, लेखकांत खरे हवामानशास्त्रज्ञ मूठभर, बाकी सगळी खोगीरभरती, असा त्याचा रोख. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. छोट्या धरणांच्या कामावर एकतीस वर्षे काढलेला निवृत्त उपअभियंता आहे. तरुणपणी मीही असेच बोलायचो.

नव्वदच्या दशकात माणदेशात एका तलावाच्या कामावर होतो. पायाचा खडक तपासला, पावसाच्या नोंदींवरून येवा, म्हणजे तलावात किती पाणी येईल ते, काढला, सांडव्याची रुंदी दोनदा पडताळली. पीक आराखडा मात्र टेबलावर बसून भरला: ज्वारी, बाजरी, थोडा भुईमूग. पाणी आले तसा वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी ऊस लावला आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, चाऱ्या कोरड्याच राहिल्या. भिंत आजही शाबूत आहे. चुकले ते माणसे काय पेरतील याचे गणित, आणि ते कुणाला विचारावे असे मला सुचलेही नव्हते.

तापमानवाढीचेही तसेच आहे. हवेत कर्बवायू किती साचला की पारा किती चढेल, हे भौतिकशास्त्र सांगते. पण २०७० साली माणसे तो किती सोडत असतील? ते लोकसंख्या, उत्पन्न, वीज कशावर बनते, लोक कशाने प्रवास करतात, यावर ठरणार. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठी भविष्याची जी चित्रे वापरली, ती मांडण्यात लोकसंख्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा मोठा वाटा होता. त्यांतले उत्सर्जनाचे आकडे घेऊनच पुण्याच्या आयआयटीएमसह (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) जगभरच्या संस्थांनी हवामानाची आपापली संगणकीय प्रारूपे चालवली.

शिवाय आयपीसीसीचे गट तीन. भौतिक विज्ञानाच्या पहिल्या गटाचा अहवाल २०२१ मध्ये आला, त्याचे लेखक २३४. त्यातल्या जलचक्राच्या प्रकरणाच्या दोन समन्वयक लेखकांपैकी एक आयआयटीएमचे आर. कृष्णन. परिणाम आणि अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे) पाहणाऱ्या दुसऱ्या गटाचे २७०, उत्सर्जन घटवण्याचे मार्ग तपासणाऱ्या तिसऱ्याचे २७८. शेती, साथीचे रोग, वीजदर, वाहतूक हे सारे या दोन गटांत येते. तिन्ही याद्या एकत्र करून हवामानशास्त्रज्ञ मोजले, तर ते कमीच भरणार. (आणि भरती म्हणाल तर, या लिखाणाचे मानधन आयपीसीसी कुणालाच देत नाही.)

टीकाच करायची तर एक जागा दाखवतो. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे २००७ च्या अहवालात छापले गेले. आधार होता एका पर्यावरण संस्थेच्या अहवालाचा. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक कबूल केली. ते वाक्य दुसऱ्या गटाच्या आशियावरील प्रकरणात होते, बर्फाचे जाणकार पहिल्या गटात. त्यांच्याकडून ते तपासून घेतले असते, तर छापायला गेलेच नसते. घोळ झाला तो इथे, आणि त्यात अर्थतज्ज्ञांचा काही दोष नव्हता.

सातव्या अहवालाचे काम आता सुरू आहे. त्याच्या लेखकांत टेलच्या शेतकऱ्याशी कधी बोललेले किती, एवढे कुणी मोजून सांगितले तर मला वाचायला आवडेल.

– एक निवृत्त उपअभियंता, सातारा