पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या जुन्या स्पीकरना कोणता रिसीव्हर (म्हणजे रेडिओसकट ॲम्प्लिफायर) लागेल, हे तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून मला नीट समजावलंत. तुम्ही दुरुस्ती करता, रिसीव्हर विकत नाही. त्यात तुमचा एका पैशाचाही फायदा नव्हता. हे आभार चारचौघांत मानतेय, कारण तुम्ही सांगितलेलं नवीन खरेदीला निघालेल्या कुणालाही उपयोगी पडावं.

"किती वॅटचा घेऊ?" असं मी विचारलं, तर तुम्हीच उलट विचारलंत: स्पीकर किती ओहमचे, म्हणजे करंटला त्यांचा विरोध किती? सेन्सिटिव्हिटी किती, म्हणजे ठरावीक वॅटला ते आवाज किती देतात? खोली केवढी, आणि ऐकता काय? स्पीकरच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून बरं. ४ ओहम, ८६ डेसिबल. ते बघून तुम्ही म्हणालात, "मग वॅट नंतर बघू."

८ ओहमच्या तुलनेत ४ ओहमचा स्पीकर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो. रिसीव्हरची तेवढी तयारी नसेल तर तो तापतो, मध्येच बंद पडतो. म्हणून मागच्या बाजूला कमीत कमी किती ओहम चालतील हे छापलेलं असतं, ते आधी वाचायचं. स्वयंपाकघरात दुसरी जोडी लावायचा माझा विचार तुम्ही तिथेच थांबवलात. रिसीव्हरच्या ए आणि बी जागांवर लावलेल्या स्पीकरच्या दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की साधारणपणे त्या समांतर जोडल्या जातात आणि ओहम आणखी खाली येतात. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मग वॅटचं. माझ्याकडच्या दोन माहितीपत्रकांतली बारीक अक्षरं तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत. होम थिएटरच्या रिसीव्हरवर १५० वॅट, पण ६ ओहमला, १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शनला (म्हणजे आवाज तेवढा बिघडलेला असताना) आणि एकच चॅनेल चालू असताना. दोन चॅनेलच्या रिसीव्हरवर नुसते ८० वॅट, पण ८ ओहमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्टीत, दोन्ही चॅनेल एकदम चालवून, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. "हे ८० खरे," तुम्ही म्हणालात. कॅसेटच्या काळात पेटीवर हजारांत छापलेल्या पीएमपीओची, म्हणजे वॅटच्या फुगवलेल्या आकड्याची, आठवणही काढलीत. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने वॅटसोबत ओहम, फ्रिक्वेन्सी आणि डिस्टॉर्शन सांगणं बंधनकारक केलं, तेही तुमच्याकडूनच कळलं. आपल्याकडे असा आकडा बघताना ग्राहकानेच दक्ष राहायला हवं, हे मला पटलं.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ८० आणि १०० मधला फरक कानाला जेमतेम कळणार! त्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजायला निघाले होते. पण फार कमी वॅटचा घेऊन तो पिळायचाही नाही. ताकद संपून आवाजाची लहर कापली जायला लागली, म्हणजे क्लिपिंग सुरू झालं, की ट्वीटर (बारीक, उंच आवाज देणारे छोटे स्पीकर) जळू शकतात, हे सांगताना टेबलावरचा जळालेला ट्वीटर तुम्ही माझ्या हातात दिलात.

फोनो इनपुटची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या जागेची, आठवण केलीत, ती तर फार मोलाची. बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) मिळतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, आणि सीडी प्लेअर देतो २ व्होल्टच्या आसपास. फोनो नसलेला रिसीव्हर आणला असता, तर एवढासा सिग्नल आधी वाढवून देणारा वेगळा प्रीॲम्प शोधत फिरावं लागलं असतं. नुसता ॲम्प्लिफायर स्वस्त पडला असता, पण आई विविध भारती ऐकते हे कळल्यावर तुम्हीच ट्यूनर असलेला घ्या म्हणालात.

तो ८० वॅटचा, ४ ओहम चालणारा रिसीव्हरच घेतला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चारी बाजूंनी हवा खेळेल असा उघड्यावर ठेवलाय. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि बायाँची घुमक आता खोलीभर गोळा न होता जिथल्या तिथे थांबते. बाबा ख्याल लावून बसतात आणि विलंबित संपेपर्यंत उठत नाहीत. त्यांना इतकं खुशीत मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

बाबांनी तुम्हाला ऐकायला बोलावलंय. रविवारी सकाळी आम्ही सगळे घरी असतो. येताना तुमच्या आवडीची एखादी रेकॉर्ड नक्की आणा.

तुमची ऋणी,
४ ओहमच्या स्पीकरवाली