परळ-दादरच्या त्या अनोळखी माणसांचे आभार

आईच्या केमोथेरपीची पहिली फेरी ठरली तेव्हा, १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, हेही साताऱ्याहून आलेल्या आम्हा मायलेकांना ठाऊक नव्हते. आमची फाइल हातात घेऊन रक्ततपासणीच्या रांगेपर्यंत सोबत आलेल्या काकांचे, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, आईला फोडणीचा वासही सोसवत नाही हे पाहून स्टीलच्या डब्यात साधा मऊ भात आणून देणाऱ्या मावशींचे मी मनःपूर्वक आभार मानतो. मावशींचा स्वतःचा मुलगा तेव्हा उपचार घेत होता. दोन दिवसांनी आईने प्रथमच चार घास खाल्ले. मावशी, तुमचा डबा आमच्याकडे जपून ठेवला आहे.