पाहुणे विद्यार्थी, पाड्यावरची मुलं आणि देणगीचे नियम

महोदय,

मराठी शिकायला आलेले काही परदेशी विद्यार्थी यंदा सुट्टीत ठाण्यातल्या येऊरच्या आदिवासी पाड्यावर रोज जात होते. पाड्यावरच्या मुलांनी त्यांना तांदळाच्या पिठाचा पातळ रंग कालवून बांबूच्या काडीने वारली चित्रं काढायला शिकवलं. मग सगळ्यांनी मिळून कापडी पिशव्या रंगवल्या आणि पाड्यावरच्या अभ्यासिकेसाठी ठाण्याच्या तलावपाळीवर विकल्या. मी तिथे होते. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी दहावीतली मुलगी गिऱ्हाइकांना वारल्यांच्या तारपा नाचातला फेर समजावत होती आणि शेजारी उभी पाहुणी मोडक्यातोडक्या मराठीत सुट्ट्या पैशांचा हिशेब करत होती! असं शिक्षण वर्गात मिळत नाही.

अडचण आली ती पैशांची. विद्यार्थ्यांना स्वतःचेही पैसे घालायचे होते. पण परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली देणगीसुद्धा २०१० च्या परदेशी अंशदान कायद्यात येते. त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही. धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी नसलेल्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करायलाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नियम हवेतच, पण ते या पोरांना कुणी समजावून सांगितले नव्हते.

महापालिकेने अशा उपक्रमांना तलावपाळीवर ठरावीक जागा द्यावी आणि धर्मादाय कार्यालयाने ठाण्यातल्या तरुण मंडळांसाठी सोप्या मराठीत माहितीपत्रक काढावं. १८९३ पासून वाचकांची सोय पाहणाऱ्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात ते ठेवलं, तर सगळ्यांच्या हाती लागेल.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे