रंग आधी भिंतीला, मग संगणकात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'अ‍ॅमेली' या फ्रेंच चित्रपटावरचा लेख वाचला. आपल्या भागातल्या वर्तमानपत्राने अशा चित्रपटाला पाऊण पान दिलं, याचं मनापासून कौतुक वाटलं. पण लेखातल्या दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. एक म्हणजे 'हा चित्रपट म्हणजे दोन तासांचा सुंदर फिल्टर' हे वाक्य. दुसरी म्हणजे लघुपट करणाऱ्या मुलांना दिलेला सल्ला: या चित्रपटाच्या नावाचा फिल्टर मोबाइलवर मिळतो, तो लावला की तसाच परिणाम साधतो. मी परभणीत फोटो स्टुडिओ चालवते. वडिलांच्या काळात डार्करूम होती, आता संगणक आहे. लग्नाच्या व्हिडिओचे रंग जुळवणं हे माझं रोजचं काम. म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

दिग्दर्शक झाँ-पिएर जुने यांचा हा चित्रपट २००१ सालचा. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. पॅरिसमधल्या मोंमार्त्र भागात, कॅफेत काम करणाऱ्या अ‍ॅमेली नावाच्या एका एकलकोंड्या मुलीला आपल्या घराच्या भिंतीत कुणा मुलाने कधीकाळी लपवलेली खेळण्यांची डबी सापडते. ती डबी ती मालकाला पोचवते, आता चांगलाच वयस्कर झालेल्या त्या माणसाचे डोळे भरून आलेले बघते, आणि मग गुपचूप इतरांची आयुष्यं मार्गी लावायला लागते. स्वतःच्या प्रेमाची वेळ येते तेव्हा मात्र लपून बसते. एवढीच गोष्ट. ती ज्या रीतीने सांगितली आहे, त्यात सगळं आहे.

आधी रंगांबद्दल. लाल, हिरवा आणि सोनेरीकडे झुकणारा पिवळा, या तीन रंगांवर अख्खा चित्रपट उभा आहे. जुआरेझ माशादो या ब्राझिलियन चित्रकाराच्या चित्रांवरून जुने आणि छायालेखक ब्रुनो देलबोनेल यांनी हा मेळ घेतला. पण घेतला कसा, ते महत्त्वाचं आहे. अ‍ॅमेलीच्या खोलीच्या भिंती लाल आहेत. तिचे कपडे लाल किंवा हिरवे. या सगळ्यात कुठेतरी एखादी निळी वस्तू ठेवलेली असते, जसा तिच्या लाल खोलीतला निळा दिवा. त्या एका निळ्या ठिपक्यामुळे लाल रंग डोळ्यांना जड होत नाही. हे काम कलादिग्दर्शक आलीन बोनेत्तो यांचं, आणि ते कॅमेरा सुरू होण्याआधीचं आहे. त्यानंतर फिल्मची निगेटिव्ह स्कॅन करून संगणकात रंग जुळवले गेले. संपूर्ण चित्रपटाचे रंग अशा रीतीने जुळवणं तेव्हा नवीन होतं, म्हणून त्याचीच चर्चा जास्त झाली. पण संगणकाने ओढून बाहेर काढलेला रंग मुळात भिंतीला दिलेला होता.

लेखात म्हटलंय की चित्रपट सगळा पॅरिसच्या रस्त्यांवर घेतला. तेही दुरुस्त करायला हवं. रस्ते पॅरिसचे आहेत, रु लपिक रस्त्यावरचा तो कॅफेही खराखुरा आहे. पण घरांच्या आतली बरीचशी दृश्यं जर्मनीत, कोलोनच्या स्टुडिओत सेट उभारून घेतली आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं अभिमानाने म्हणणाऱ्या आमच्या गावाला हे सांगायला मला विशेष आवडतं. सेट कशासाठी? कारण भाड्याच्या खोलीत भिंत जशी असेल तशी घ्यावी लागते, सेटवर ती हवी तशी रंगवता येते.

आता माझ्या कामातलं सांगते. आपल्याकडच्या नवरीकडे बघा. हिरवा चुडा, हळद, कुंकू. चित्रपटातले तिन्ही रंग आपल्या घरात आधीच आहेत, तेही आपसात जुळलेले. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात पांढऱ्या कापडातून गाळून आलेलं ऊन असतं, तेव्हा मला संगणकात जवळजवळ काहीच करावं लागत नाही. संध्याकाळी मंगल कार्यालयात डेकोरेशनवाला जांभळे आणि गुलाबी एलईडी दिवे लावतो आणि सगळं बिघडतं. जांभळ्या उजेडात हळद मातकट दिसते, हिरव्या बांगड्या काळ्या पडतात. तो पिवळा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण कॅमेऱ्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो. देलबोनेल यांच्याकडून मी शिकले ते हे. तेव्हापासून मी डेकोरेशनवाल्याशी आधी बोलते, नवरीच्या अंगावर साधा पांढरा उजेड मागते.

आणि त्या फिल्टरचं म्हणाल, तर तो आपल्या माणसांसाठी बनलेलाच नाही. तिथल्या गोऱ्या कांतीवर सोनेरी झाक चढली की चेहरा उबदार दिसतो. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर तोच हिरवट-पिवळा थर बसला की माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. गावाकडच्या काही पोरांनी मला त्यांचा लघुपट दाखवला होता. माळवदाचं घर, ओसरीवर बसलेली आजी, नीळ घातलेल्या चुन्याची भिंत, आजीच्या अंगावर लाल लुगडं. मूळ दृश्य इतकं सुरेख होतं! त्यावर त्यांनी हा फिल्टर टाकला होता. निळसर भिंत शेवाळली आणि आजी आजारी दिसायला लागली. मी त्यांना तो काढायला सांगितला, आणि फ्रेमच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची उचलून तिथे पितळी घागर ठेवून तेच दृश्य पुन्हा घ्यायला सांगितलं. पोरांनी घेतलं. लाल लुगडं, निळी भिंत आणि पिवळा चमकणारा एकच कोपरा. खरं तर त्या भिंतीचा आणि लुगड्याचा मेळ आजीनेच आधी घालून ठेवला होता.

लेन्सबद्दल लेखात एक शब्दही नाही, त्याचं आश्चर्य वाटलं. आम्ही फोटोवाले चेहरा सुंदर दिसावा म्हणून लांबच्या लेन्सने मागचं सगळं धूसर करतो. दिग्दर्शक जुने उलटं करतात. वाइड लेन्स, म्हणजे जास्त रुंद दृश्य मावणारी लेन्स, घेऊन कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेतात. त्यामुळे चेहरा किंचित व्यंगचित्रासारखा फुगतो, डोळे मोठे दिसतात, आणि मागची खोलीही सगळी दिसते. माणूस आणि त्याच्या वस्तू एकाच वेळी समोर राहतात. तिच्याच इमारतीत राहणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकाराची हाडं काचेसारखी ठिसूळ आहेत, म्हणून त्याच्या घरातल्या फर्निचरच्या कडांना गाद्या बांधलेल्या आहेत. कुणी काही न सांगता ते आपल्याला दिसतं, ते या लेन्समुळे.

हा चित्रकार वीस वर्षं दरवर्षी रेन्वार या फ्रेंच चित्रकाराच्या १८८१ सालच्या नौकाविहाराच्या मेजवानीच्या चित्राची एक नक्कल काढतो आहे. त्याला सगळे चेहरे साधतात, फक्त पाण्याचा ग्लास हातात धरलेली मुलगी साधत नाही. अ‍ॅमेली आणि तो, दोघं त्या चित्रातल्या मुलीबद्दल बोलत राहतात: ती कुणाचा विचार करत असेल, समोर जायला का घाबरत असेल. बोलणं सगळं अ‍ॅमेलीबद्दलच चाललेलं असतं आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. प्रेमाबद्दलचे सगळ्यात हळवे संवाद प्रियकराशी होतच नाहीत, एका चित्रासमोर होतात. पटकथेतली ही जागा मला फार मोठी वाटते.

निवेदकाबद्दल लेखकाने 'अनावश्यक बडबड' असं लिहिलंय. इथे माझा पूर्ण विरोध आहे. चित्रपट सुरू होतो तोच मुळी ३ सप्टेंबर १९७३ रोजी संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटं ३२ सेकंदांनी रस्त्यावर येऊन बसणाऱ्या एका निळ्या माशीपासून. तिचे पंख मिनिटाला १४,६७० वेळा हलतात, हेही निवेदक सांगतो. त्याच क्षणी दुसरीकडे मित्राच्या अंत्यविधीहून परतलेला एक माणूस वहीतून त्याचं नाव खोडत असतो. उत्तररंगात आख्यान लावणारा कीर्तनकार जसा एका तपशिलावरून दुसऱ्यावर सहज जातो आणि श्रोत्याला पत्ताही लागू देत नाही की आपण कुठून कुठे आलो, तसा हा निवेदक चालतो. इतक्या काटेकोर आकड्यांमुळेच आपण पुढची अशक्य गोष्ट खरी मानायला तयार होतो. अ‍ॅमेलीच्या छातीतलं हृदय कपड्यांतून लाल उजळून दिसतं, नायक कॅफेतून निघून जातो तेव्हा तिचं अक्षरशः पाणी पाणी होऊन ती फरशीवर ओतली जाते, आणि आपण एकदाही हरकत घेत नाही.

तोच निवेदक बऱ्याच माणसांची ओळख त्यांना काय आवडतं आणि काय नाही, यावरून करून देतो. अ‍ॅमेलीला धान्याच्या पोत्यात खोल हात खुपसायला आवडतं. वाण्याच्या दुकानासमोर ती उभी राहते, इकडे तिकडे बघते आणि हात आत सारते. कॅमेरा त्या हातापाशी जातो, दाण्यांचा आवाज वाढतो. मोंढ्यात ज्याचं बालपण गेलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुरीच्या पोत्यात मनगटाच्या वर हात गेला की आतून लागणारा गारवा आणि बोटांमधून सरकणारे दाणे, हे आम्ही सगळ्यांनी आडतीवर हमालांची नजर चुकवून केलेलं आहे. हे दृश्य पडद्यावर पाहिलं तेव्हा पॅरिस मला मुळीच लांब वाटलं नाही.

माझ्या दृष्टीने चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंग मात्र आंधळ्या माणसाचा आहे. रस्ता ओलांडायला थबकलेल्या एका अंध वृद्धाचा हात अ‍ॅमेली धरते आणि त्याला भराभर चालवत नेते. जाता जाता जे दिसेल ते सांगत सुटते: दुकानावरच्या घोड्याचा तुटलेला कान, फुलवालीचा हसणारा नवरा, मिठाईच्या काचेतल्या गोळ्या, खरबुजांचा वास, मांसाच्या दुकानातले भाव, कुत्र्याकडे बघणारं बाळ आणि भाजलेल्या कोंबड्यांकडे बघणारा कुत्रा. कॅमेरा कधी पुढे पळतो, कधी त्या वस्तूवर झेप घेतो, तिच्या बोलण्याला धाप लागते. मग मेट्रोच्या जिन्यापाशी त्याला सोडून ती निघून जाते. म्हातारा वर तोंड करून उभा राहतो आणि त्याच्या अंगावर सोनेरी प्रकाश पसरतो. ज्याला रंग दिसत नाही, त्याच्यासाठी दिग्दर्शकाने आपला सगळ्यात मोलाचा रंग वापरला. याला जर कुणी फिल्टर म्हणणार असेल, तर मला बोलणंच खुंटतं.

यान तिएरसन यांच्या संगीतावर लेखात चांगलं लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही.

पण फोटोच्या धंद्यातली म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. नायक निनो काय करतो? रेल्वे स्टेशनवरच्या आपोआप फोटो काढणाऱ्या यंत्रांखालून लोकांनी फाडून टाकलेले फोटो गोळा करतो, तुकडे जुळवून वहीत चिकटवतो. त्या वहीत एक टकला माणूस सारखा येतो, वेगवेगळ्या स्टेशनांवर, तोच निर्विकार चेहरा. तो कोण, हे चित्रपटाचं एक कोडं. आणि उत्तर काय, तर तो यंत्र दुरुस्त करणारा कारागीर. दुरुस्ती झाल्यावर चाचणी म्हणून स्वतःचाच फोटो काढतो आणि फेकून देतो. माझ्या दुकानातही वडिलांनी लाइट बघायला स्वतःचे काढलेले असे फोटो सापडतात. त्यांच्या चेहऱ्यावरही काही भाव नसतो, लक्ष सगळं उजेडाकडे. कारागिराला गूढ नायकाइतकी जागा देणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

लेखातला एक आक्षेप मात्र रास्त आहे. फ्रान्समध्येही तो तेव्हाच घेतला गेला होता. सेर्ज कागान्स्की या समीक्षकाने लिहिलं होतं की हे पॅरिस धुऊन पुसून काढलेलं आहे, तिथे राहणारे वेगवेगळ्या वंशांचे लोक यात दिसत नाहीत. रस्त्यांवरची घाण आणि भिंतींवरची लिखाणं या चित्रपटासाठी हटवली गेली, हे खरं आहे. वाण्याच्या दुकानातल्या पोराची भूमिका करणारा जामेल देबूझ मोरोक्कन वंशाचा आहे, पण पात्राचं नाव आहे ल्युसियाँ, म्हणजे अस्सल फ्रेंच. मला हे खटकतं. माझ्याकडेही लोक येतात, मांडवामागची विजेची तार काढा म्हणतात. ती मी काढते. मग म्हणतात, मुलीला जरा उजळ करा. ते मी करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी करत नाही. तार पुसणं आणि माणूस पुसणं यांत फरक आहे. जुने यांनी ही रेषा काही ठिकाणी ओलांडली, असं माझं मत आहे. चित्रपटावर माझं इतकं प्रेम असूनही ते बदलत नाही.

शेवटी दोन विनंत्या. लघुपट करणाऱ्या मुलांना दिलेला तो सल्ला पुढच्या अंकात मागे घ्यावा आणि त्याऐवजी सेट, कपडे आणि उजेड यांवर कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं. आणि त्या लेखाला रंगीत पान द्यावं. गेल्या रविवारी अ‍ॅमेलीच्या लाल खोलीचा फोटो आपण काळ्या-पांढऱ्या पानावर छापला होता.

आपली नम्र,
एक फोटो स्टुडिओवाली वाचक,
परभणी