ईसीजीची पट्टी वाचताना रुग्णाची हकीकतही वाचा

महोदय,

गणेशोत्सवात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला गावोगाव मोफत हृदयतपासणी शिबिरे भरतात. ईसीजी निघतो, यंत्र पट्टीवर ‘नॉर्मल’ छापते आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. मधुमेह आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, चढ चढताना छाती भरून येते का, हे विचारायला अनेक ठिकाणी कुणी बसलेलेच नसते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून मला याची फार काळजी वाटते.

नेहमीचा ईसीजी ही साधारण 10 सेकंदांची नोंद असते. छातीतली कळ त्याआधीच थांबली असेल, तर अरुंद झालेल्या रक्तवाहिनीचा मागमूसही तीत दिसणार नाही. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही पहिली पट्टी साधी येऊ शकते. म्हणूनच संशय असेल तर ईसीजी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तातले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासतात. मधुमेही माणसाच्या छातीत तर कधी कधी दुखतही नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळते आणि घरचे पित्तावरची गोळी देतात.

याच्या उलटही घडते. तालमीतल्या धडधाकट तरुणाच्या पट्टीत एसटी भाग (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातला, एरवी सपाट असणारा तुकडा) थोडा उचललेला असणे बहुधा निरोगीपणाचेच असते. तसाच एसटी घामाघूम झालेल्या, छाती धरून बसलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसात दिसला, तर क्षणही दवडता येत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याचा एसटी औषधानेच खाली वाकतो. डायलिसिसच्या रुग्णात टोकदार टी लहरी (एसटीनंतर येणाऱ्या लहरी) दिसल्या, तर आधी वाढलेल्या पोटॅशियमचा विचार करावा लागतो. डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणाऱ्या वाटेतला अडथळा) नवा की जुना, हे मागचा ईसीजी पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

आता ग्रामीण रुग्णालयांतून ईसीजी मोबाइलवरून शहरातल्या तज्ज्ञांकडे जातो, ही मोठीच सोय आहे. पण नुसता फोटो पाठवून भागत नाही. वय, त्रास कधी सुरू झाला, पूर्वीचे आजार आणि चालू औषधे यांचे रकाने भरल्याशिवाय ईसीजी पुढे जाऊच नये, अशी सक्ती आरोग्य विभागाने करावी. शिबिरांनाही हाच नियम लावावा.

वाचकांनी आपला जुना ईसीजी जपून ठेवावा आणि दवाखान्यात येताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर आणावा. तो कागद काही काळाने फिका पडतो, म्हणून लगेच झेरॉक्स काढावी. लॅमिनेशन मात्र करू नये. उष्णतेने पट्टी काळी पडते.

— एक डॉक्टर वाचक, जि. सांगली