रविवारच्या बैठकीबाबत सूचना : विषय जॅनेट राउली

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी 5 वाजता नेहमीच्या ठिकाणी बैठक आहे. कर्करोग आणि जनुकशास्त्र या मालिकेत या वेळी शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली (1925–2013) यांच्या संशोधनावर चर्चा होईल.

येण्यापूर्वी एवढे वाचून ठेवा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत 22 क्रमांकाचे गुणसूत्र आखूड दिसते, हे 1960 मध्ये कळले होते. तुटलेला तुकडा हरवतो असाच समज होता. राउली यांनी 1973 मध्ये दाखवले की तो 9 क्रमांकाच्या गुणसूत्राला जोडला जातो; म्हणजे दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या सदोष प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मधल्या 28 वर्षांत काय काय घडले, यावरच बैठकीत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते. पुरस्कारांची यादी कोणीही वाचून दाखवू नये, ती कुठेही मिळते.

चार मुलांना वाढवताना त्या बरीच वर्षे अर्धवेळच काम करत होत्या. गुणसूत्रांची छायाचित्रे घरच्या जेवणाच्या टेबलावर कापून त्या जोड्या लावत. (आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले चेष्टा करत!) संशोधनात खंड पडला म्हणून खचलेल्या आपल्या तरुण सभासदांनी या बैठकीला जरूर यावे.

ज्यांवरून गुणसूत्रे ओळखता येतात त्या गुणसूत्रांवरील पट्ट्या दिसाव्यात यासाठी पेशी कशा रंगवतात, हे दहा मिनिटांत समजावून सांगायला कोणी तयार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावे.

– कार्यवाह