सात नंबरचा घुमट

पुणे
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंडू,

अडीच वर्षांनी पत्र आलंय म्हटल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून बघशील, पैसे मागितलेत का म्हणून. मागितलेले नाहीत. उलट सुरतेच्या घारीच्या मिठाईचे माझे पासष्ट रुपये तुझ्याकडे अजून निघतात. आजच आठवायचं कारण म्हणजे आज तिकडे चंदी पडवो. अख्खी सुरत रस्त्यावर बसून घारी खात असेल, आणि मी इथे बिनसाखरेचं आटीव दूध पिऊन तुला लिहितोय.

तब्येत ठीक. साखर आहे, ती आहेच. हिचा डावा गुडघा पुढच्या महिन्यात. झालं.

आई गेल्या तेव्हा मी आलो नाही. फोनवर जे कारण सांगितलं ते खोटं होतं आणि ते तुला तेव्हाच कळलं असणार. त्याबद्दल भेटीत बोलू. आज दुसऱ्या एका खोटेपणाबद्दल लिहायचंय, तो आधीचा आहे आणि त्याचा साक्षीदार तू एकटा आहेस.

सात नंबरच्या कबरीचा घुमट.

आठवला ना? मागच्या आठवड्यात एका मुलीची ईमेल आली. सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानावर प्रबंध करते आहे. आपल्या कॉलेजच्या माळ्यावर तिला १९८८ला आपण तिथल्या कबरी मोजून काढलेली शीटं सापडली. सापडली म्हणजे अक्षरशः उंदरांच्या तोंडातून काढली. व्यवस्थित स्कॅन करून तिने मला माझंच शीट पाठवलं. उघडलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, काय सुरेख रेघ होती रे माझी! शून्य दोनचं रोट्रिंग पेन, कुठे फुगवटा नाही, कुठे ब्लेडने खरवडल्याची खूण नाही. घुमटाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, भरीव काळा, जणू कुणी काजळ भरलंय. खाली माझं नाव आणि त्याच्या खाली, माझ्याच अक्षरात, ‘प्रत्यक्ष मोजणीवरून’.

मग तिचा प्रश्न वाचला आणि दूध नासावं तसं पोट झालं.

ती म्हणते: सर, तुमच्या ड्रॉइंगमध्ये घुमटाची जाडी खालपासून वरपर्यंत सारखी नऊ इंच आहे. मी आता लेझर स्कॅन केलं, तर माथ्याशी घुमट पातळ आहे आणि खाली खांद्याशी चांगलाच जाड. म्हणजे १९८८नंतर कुणीतरी आतून खांद्याला भर घातली आणि माथ्याचा गिलावा सोलला, असं दिसतं. अशा दुरुस्तीची नोंद मला कुठल्याच फायलीत मिळत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?

कळलं ना काय झालंय? ती पोर झालीच नाही अशी दुरुस्ती शोधत हिंडते आहे! दोन-दोन ऑफिसांत अर्ज टाकलेत तिने. कुणीतरी परवानगीशिवाय चुना थापला म्हणून एक प्रकरण लिहायला घेतलंय. आणि सगळ्याचा पाया माझे नऊ इंच.

आता ते नऊ इंच आले कुठून ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या मधमाश्यांना. शिडीवर मी होतो, खाली वही घेऊन तू. मी बाहेरची उंची ओरडून सांगितली, तू लिहिलीस. आत डोकं घातलं तर माथ्याला हे एवढं पोळं, सुपाएवढं. मी शिडीवरून उतरलो की पडलो यावर आपलं अजून एकमत नाही. तू वहीत लिहिलंस आणि ठरलं की सकाळी लवकर येऊन बघू. सकाळी माझं पोट बिघडलं. बंडू, पोट बिघडलं नव्हतं. मी तापीपलीकडे पोंक खायला गेलो होतो. जानेवारीतला कोवळा पोंक, म्हणजे तिकडचा ज्वारीचा हुरडा, वर लिंबू-मिऱ्याची शेव. सांगून टाकलं एकदाचं. तू एकटा त्या डच बॅरनच्या कबरीवर दिवसभर टेप ओढत होतास, तिचं दुसरं टोक विटेखाली दाबून.

पुढचं होस्टेलवर. तू माझ्या बोर्डाशी येऊन उभा राहिलास. “आतली उंची कुठून आणलीस?” मी म्हटलं, बाहेरून वजा केली. “किती वजा केलीस?” नऊ इंच. “का नऊ?” वीट नऊ इंची असते म्हणून. तू हसलास, मग हसायचा थांबलास, आणि नंतर अकरा दिवस बोलला नाहीस. बाराव्या दिवशी तुझं पेन तुंबलं म्हणून माझं मागायला आलास, हे मी विसरलेलो नाही.

नऊ इंची वीट! आपल्या मुकादमाची वीट मी सतराव्या शतकाच्या घुमटाला लावली. तिथल्या पोपड्यांतून दिसणाऱ्या विटा पातळ होत्या, डोळ्यांसमोर होत्या. आणि घुमट खांद्याशी बाहेर रेटतो, म्हणून गवंडी तिथे जाडी ठेवतो आणि वर हलका करत नेतो, हे स्ट्रक्चरच्या पेपरात लिहून मी पास झालो होतो. त्या कुठल्याशा सुरती गवंड्याने बरोबर केलं होतं. मी कंपासने दोन समांतर कमानी मारून त्याला अडाणी ठरवला. आता ही मुलगी म्हणते की ते शहाणपण नंतर कुणीतरी घुसडलं.

तू म्हणशील, एका नाव नसलेल्या कबरीसाठी एवढं काय? तसं बघ, गेली तीस वर्षं मी नगरपालिकेच्या मंजुरीला ड्रॉइंगं देतोय. बेडरूमला ‘स्टोअर’ म्हटलंय, स्टिल्टमध्ये ‘पार्किंग’ दाखवून तिथे दुकानं निघालेली बघितली आहेत. एक रात्र झोप उडाली नाही. कारण ते ड्रॉइंग खोटं आहे हे घेणारा जाणतो, देणारा जाणतो, शिक्का मारणाराही जाणतो. सात नंबरच्या शीटला मात्र ती मुलगी खरं मानून बसली आहे. मोजून काढलेलं ड्रॉइंग म्हणजे मोजूनच काढलेलं असणार, असा तिचा समज. कुणी शिकवलं असेल?

तुझं शीटही तिला सापडलंय, बरं का. बॅरनची कबर. आठही बाजू वेगवेगळ्या मोजलेल्या, आठही आकडे वेगळे. मी तेव्हा म्हटलं होतं की अष्टकोनाची एक बाजू मोजायची आणि आठाने गुणायचं, उरलेल्या वेळात सिनेमा. वरच्या घुमटापाशी तू तुटक रेघ मारलीस आणि बाजूला लिहिलंस, ‘पोचता आलं नाही, अनुमान’. सरांनी ‘अपूर्ण’ शेरा मारून तुझे मार्क कापले. माझं शीट काचेत घालून जिन्यापाशी लावलं. चार वर्षं लटकत होतं तिथे. तू रोज त्याच्याखालून जायचास. एकदा तरी बोलायचं होतंस, लेका.

आणि सरांची गंमत बघ. सात नंबरवर पाटी नव्हती, कुणी उखडून नेलेली. जेरल्ड ऑन्जियर १६७७ साली सुरतेतच वारला आणि त्याच्या कबरीवर नाव नाही असं ऐकल्यापासून आपण सात नंबर त्याचाच धरून चाललो होतो. मुंबई वसवणारा माणूस आपल्या वाट्याला आला म्हणून मी शीटच्या कोपऱ्यात ‘ऑन्जियर?’ लिहिलं होतं. सरांनी ते लाल पेन्सिलने काटलं, पुरावा नाही म्हणून. अख्ख्या शीटवर प्रश्नचिन्ह असलेली तेवढी एकच गोष्ट होती, ती गेली. नऊ इंच राहिले.

त्या चौकीदाराची आठवण येते का? कतारगाम दरवाजाला आपण टेप आणि ओळंबे घेऊन उतरलो, त्याने विचारलं कुठून आलात, जाड्या छाती काढून म्हणाला, महाराष्ट्रातून. तो बिडी न काढता म्हणाला, “पाछा आवी गया?” १६६४चा जानेवारी विसरला नव्हता गडी. आणि आपण नेमके जानेवारीतच. मग जाड्या ऑक्झिंडनच्या कबरीवर चढून, ज्या सर जॉर्जने महाराज आले तेव्हा वखार धरून ठेवली त्याच्याच डोक्यावर उभा राहून, डबा खात होता. त्याच्या पुतण्याने पुढे रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा आणला होता, हे जाड्याला सांगितलं तर म्हणाला, मग हरकत नाही, घरचेच आहेत.

ती कबर मात्र चौघांनी मिळून इमानाने मोजली हे मान्य कर. चाळीस फूट उंची, पंचवीस फूट रुंदी, ते दंडगोल खांब, एकावर एक दोन घुमट, आत फिरणारी गॅलरी. आधी सर जॉर्जचा भाऊ क्रिस्तोफर, १६५९. मग दहा वर्षांनी, १६६९ला, सर जॉर्ज त्याच्यावर. व्यापारी लोक, पण मेल्यावर थाट नबाबाचा. गावातल्या मोगलाई मकबऱ्यांसारखंच आपलंही दिसावं म्हणून धडपड. आणि डचांनी बॅरन रीडसाठी मग त्याहून दांडगी अष्टकोनी बांधली, इंग्रजांची जिरवायला असं सगळेच सांगतात. आपल्या कॉलनीतल्या कंपाउंडच्या भिंती अशाच एकमेकींवर उंच होत जातात.

क्रिस्तोफरच्या कबरीवरचा लॅटिन मजकूर सरांनी सायक्लोस्टाइल करून वाटला होता. तेव्हा हसलो होतो आपण. मेलेल्या माणसाला सगळी भाषा वखारीची: त्याला आपल्या खात्यात दिवसच मांडता आले, वर्षं नाही, कारण मृत्यूने अचानक हिशेबाला बोलावलं. मग मालकांनाच विचारलंय, तुमचं नुकसान किती आणि नफा किती ते बघा. काल रात्री मी ते आठवत पडलो होतो. मग उठून ॲसिडिटीची गोळी घेतली.

आणि तुझे ते तीन वैद्य! बॅरनने कोचीला असताना मलबारच्या झाडापाल्यांचा बारा खंडांचा ग्रंथ करवला, आणि आत रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघांनी नागरी अक्षरांत, कोकणीत लिहून दिलंय की यात सांगितलंय ते खरं. तुझ्या आजीचं माहेर कोचीचं, तेवढ्यावर तू त्यांना खापरपणजोबा करून टाकलंस. चौकीदारालाही सांगितलंस. त्याने तुला बिडी दिली, मला नाही दिली. तेव्हा मी तुझी टर उडवली होती. आता वाटतं, तुझ्या त्या तुटक रेघेत त्यांचं काहीतरी असेलही. (फुगू नकोस. खापरपणजोबा ते नव्हेतच.)

तर काम असं. आपली निळी लाँगबुक तुझ्याकडे आहे. नाही म्हणू नकोस, बडोद्याचं घर लावताना वहिनींनी मला ट्रंकेत दाखवली होती. सात नंबरच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘मधमाश्या. आतली उंची राहिली.’ त्या पानाचा फोटो काढ. पान फाडू नकोस, वहीसकट काढ, तारीख दिसू दे.

मी तिला दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही पुसली. एकात म्हटलं होतं की शाईचं शीट पुन्हा काढताना कुणाकडून तरी चूक झाली असावी. ‘कुणाकडून तरी’. साठीला आलो तरी हात तिकडेच वळतो बघ. दुसरं इतकं लांबलं की ते प्रायश्चित्ताचं भाषण वाटायला लागलं. पोरीला दुरुस्तीचं वर्ष हवंय, माझं चरित्र नकोय. तू असतास तर चार शब्दांत लिहिलं असतंस, वहीत लिहिलंस तसं.

मुलीचं लग्न छान झालं असं ऐकलं. जावई बंगळूरचा ना? आहेर घेऊन येतो. तुझं सायटिका? नवी गाडी चालवतोस की नुसती पुसतोस? वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी, आज सकाळी, तिला पाठवून दिलं. पाच ओळी: आतून मोजलं नव्हतं, पोळं होतं, जाडी मनाने धरली, दुरुस्ती झाल्याचं मला काही माहीत नाही, तुझे अर्ज मागे घे. पाठवलं आणि फोन उलटा ठेवून अंघोळीला गेलो.

आलो तर उत्तर आलेलं. रागावली नाहीये, किंवा रागावली असेल तर सभ्य आहे. लिहिते, “सर, पोळं अजून तिथेच आहे. स्कॅनमध्येसुद्धा आलंय, मी ते भेगेतलं झाड समजत होते. आम्ही पहाटे उजाडायच्या आत मोजलं, तेव्हा त्या हलत नाहीत.”

पहाटे! पहाटे आपण काय करत होतो रे? झोपलो होतो.

वहीचं पान तिला परिशिष्टात छापायचंय. अक्षर तुझं, म्हणून परवानगी तुझी मागते आहे. माझं शीटही त्याच्या शेजारी छापणार म्हणते. मी हो म्हटलंय. तुझी तुटक रेघ समोरच्या पानावर येणार आहे, तेव्हा फोटो जरा उजेडात काढ.